मुसळ माझं, गाणं केझियाचं

नाही हो बाई, फोटो नको. म्हणजे नुसता म्हातारीचा काढायचा असेल तर काढा, त्याला मी कशाला नाही म्हणू, पण त्या पाटीशेजारी उभी करून नको, आणि गाणारी बाई म्हणून तर नकोच. दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं ना तुम्हाला — आत बाकावर हिरवा रुमाल बांधून बसलीय ती, तीच गाणारी आजी, जा, बोला तिच्याशी? तो सगळ्यांना सांगतो. माणूस भला आहे, मला तिकीट विचारत नाही, उलट कुणी पाहुणा आला की मलाच दाखवतो, जशी काही मी पण या संग्रहालयातलीच एक वस्तू — तिकडे ते भाले, तिकडे ती सरदाराची खुर्ची, इकडे ही आजी. पण त्याला अजून ठाऊक नाही. सोमवारी कळेल. सोमवारी ती पाटी निघणार आहे. — बसा ना, उभ्या का? बाक लांब आहे, आणि दुपारचं इथे कोणी फिरकत नाही. शाळेची पोरं काय ती सकाळी येऊन गोंधळ घालून जातात, मग बाहेर बाजाराचा आवाज येत राहतो आणि आत आम्ही, मी आणि ते भाले.

तुम्ही दोनदा ऐकलंत. मी बघत होते. ते कानावरचं काढलंत आणि पुन्हा लावलंत, तेव्हाच म्हटलं, ही बाई येणार माझ्याकडे. आवडलं? — आवडतं सगळ्यांना. भाषा कळली नाही तरी आवडतं. तुम्हाला तुंबुका कळते का? — ब्लान्टायरच्या होय, मग कुठून कळणार, तुमच्याकडे दक्षिणेत सगळी चिचेवा. मी सांगते काय म्हणतेय ती. म्हणतेय, जोनीला गेलेल्या नवऱ्या, तू येऊ नकोस, तुझा कोट पाठव. कोट दारामागे टांगीन, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगीन, घरात माणूस आहे. कोट दारू पीत नाही, कोट हात उगारत नाही, मक्याच्या पिठाची सिमा पातळ झाली म्हणून कोट ताट ढकलत नाही. असं आहे ते. त्या काळी घरटी एक तरी माणूस जोनीला असायचा, जोहान्सबर्गला, खाणीत. तुमच्याकडचेही गेले असतील. — आजोबा? आले का परत? — बघा, म्हणजे तुम्हाला सांगायला नको.

तर ते गाणं माझं नाही. पाटीवर लिहिलंय रोडा म्हांगो, आणि रोडा म्हांगो मीच, त्यात काही खोट नाही, पण आवाज माझा नाही. आवाज माझ्या धाकट्या बहिणीचा, केझियाचा. माझं त्यात काय आहे सांगू? मुसळ. दोन मुसळं ऐकू येतात ना, एकाच उखळात, एक धप् आणि लगेच दुसरं धप् — त्यातलं जे जरासं मागे राहतं ते माझं. आणि शेवटी कोणीतरी खुदकन हसतं, ती मी. बाकी सगळी ती. हे मी मंगळवारी इथला कारभार बघणाऱ्या लुहांगाबाईंना सांगितलं. पन्नास वर्षांनी सांगितलं. का नाही सांगितलं आधी? तेच तर — घाई नाही ना तुम्हाला? मग ऐका. मला तरी कुठे जायचंय.

आमचं गाव रुम्फीच्या पलीकडे, हेवेच्या खोऱ्यात. मी अठराची, ती सोळाची. आई लवकर गेलेली. बाप चर्चच्या पंचांतला एक, रविवारी काळा कोट घालून पहिल्या बाकावर बसायचा आणि उपदेश सुरू झाला की पाचव्या मिनिटाला झोपायचा. पण घरात त्याचा दंडक — भजनाशिवाय दुसरं काही गायचं नाही. आता तुम्हीच सांगा, भजनाच्या चालीवर मक्याचं कांडण होतं का? संध्याकाळ होते पण पीठ होत नाही. म्हणून बाप घरातून गेला की केझिया तिची गाणी काढायची. मनानेच रचायची, मुसळ उचलताना एक ओळ, खाली आणताना दुसरी. अशाच एका दिवशी एक रेडिओवाला आला. मोटारसायकलवर, मागे ही एवढी पेटी बांधलेली. म्हणाला, तुम्ही कांडत राहा, गात राहा, माझ्याकडे बघू नका. मी लाजून अर्धी झाले. आणि ती? तिच्या पाठीवर जसा काही कोणी हात ठेवला. आवाज दुप्पट. आणि कोटाचं गाणं संपत आलं तसं तिने तिथल्या तिथे एक नवीन कडवं जोडलं — पहिल्या बाकावर कोट बसलाय, कोटात माणूस झोपलाय, देवा जरा हळू बोल, पंच जागा होईल. आमचा बापच तो. तेव्हाच मला हसू फुटलं, आणि ते त्या पेटीत गेलं, आणि अजून आहे.

मग त्याने पेन्सिल काढली आणि विचारलं, नाव काय लिहू. आणि केझियाच्या तेव्हा ध्यानात आलं आपण काय करून बसलो ते. मुसळ टाकून ती कणगीमागे जाऊन बसली, नुसते पाय दिसत होते, काळे, पिठाने पांढरे झालेले. तो माणूस माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, लिहा, रोडा म्हांगो. झालं. एवढीच गोष्ट. मला तेव्हा वाटलं का, की आपलं नाव रेडिओवर यावं? — खोटं कशाला बोलू, थोडंसं वाटलं असेल. पण मोठी गोष्ट ती नव्हती. मोठी गोष्ट ती पिठाची पावलं.

तीन आठवड्यांनी दुकानातल्या रेडिओवर लागलं, माझं नाव घेऊन; त्या खरखरीत आवाज दोघींतला कोणाचा ते कोणाला कळतंय. गाव महिनाभर हसलं. बापाने मला मारलं नाही हो, मारलं असतं तर एका दिवसात मिटलं असतं. त्याने पंचांपुढे स्वतः सांगून मला शिक्षा करवली — वर्षभर चर्चमध्ये मागच्या भिंतीशी उभं राहायचं. सगळे बसलेले आणि मी उभी. दर रविवारी. केझिया पुढे बसून रडायची, नि घरी आल्यावर पाणी तापवून माझे पाय धुवायची. एकदा म्हणाली, ताई, मी सांगते बाबांना. मी म्हटलं, गप्प बस. दोघी कशाला उभ्या राहायच्या. तेव्हा ते नाव म्हणजे — मी तिच्यापुढे उभी राहिले होते, समजलं ना? तेव्हा ती चोरी नव्हती. चोरी नंतर झाली.

नंतर म्हणजे आता सहा वर्षांमागे. इथे हा गाण्यांचा कोपरा करायचं ठरलं, जुन्या फितींत ती फीत सापडली, आणि माणसं शोधायला चर्चाचर्चांत चिठ्ठ्या गेल्या. आमच्या झोलोझोलोच्या चर्चमध्ये पाद्रींनी वाचून दाखवलं — हेवेकडची कुणी रोडा म्हांगो इथे आहे का? मी तिसऱ्या रांगेत बसलेली. तुम्हाला कसं सांगू. नवरा जाऊन वीस वर्षं होत आलेली. लेक स्कॉटलंडला, नर्स आहे ती तिथे. शेजारी मला म्हणतात वेझीची आई, नाहीतर मागल्या घरातली म्हातारी. फार तर न्याम्हांगो — म्हांगोची लेक — तशी तर हेवेत शंभर न्याम्हांगो सापडतील, केझिया पण न्याम्हांगोच. पण रोडा? रोडा म्हणून मला कोणी हाक मारली त्याला किती वर्षं झाली होती देव जाणे. आणि तो माणूस भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, माझं अख्खं नाव घेतोय. माझा हात वर गेला. मी नाही केला, तो गेला.

मग गाडी आली न्यायला. खुर्ची दिली पुढे, पहिल्या रांगेत. नवं चितेंजे अंगाभोवती गुंडाळलं, छान होतं, निळं, अजून घडीतच आहे. टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हणालं, आजी, एक ओळ म्हणा की. मी म्हटलं, घसा गेला आता. आणि मनात म्हटलं, केझिया कुठे आहे, तिला काय फरक पडतो, ती मचोना झाली. तुमच्याकडेही म्हणतात ना — मचोना, गेला तो गेला, तिकडेच विरघळला. पस्तीस वर्षं तिचा पत्ता नाही. मग कोणाचं काय घेतलं मी? असं म्हणायची मी. आणि तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार इथे येते. बटण दाबायचं, ऐकायचं, पुन्हा दाबायचं. घरी काय आहे? एक भांडं घासायचं असतं. मला अजून एका माणसाची सिमा करता येत नाही, बघा, इतक्या वर्षांत हाताला माप येत नाही, दोघींची होते आणि सकाळी कोंबड्या खातात. इथे निदान पाटीवर नाव असतं. शिपाई उठून उभा राहतो. तुमच्यासारखं कोणी येऊन विचारतं.

तुमचं वय काय हो? — बेचाळीस. माझ्या वेझीएवढ्या. मग मी तुला तू म्हणते, चालेल ना बाळ? तुझ्या कपाळावर पण अशीच आठी पडते ऐकताना, तिच्यासारखी. ती फोन करते दर रविवारी, चर्च सुटल्यावर. तिला दोन पोरं. मागे आली होती तेव्हा इथे येऊन तिने ते गाणं फोनमध्ये भरून नेलं, आणि तिकडे थंडीत, जेवताना लावते म्हणे, पोरांना सांगते, ऐका, ही तुमची आजी गातेय. ती पोरं इंग्रजी बोलणारी, पण त्यांना कोटाचं गाणं पाठ आहे. मला फोनवर म्हणून दाखवतात. सगळ्यांना मी फसवलं असेन, पण त्या दोघांना खोटं सांगितलं गेलं नाही, त्यांची आजीच गातेय ती, तेवढं एक —

— काय?

नाही. मी काय म्हटलं? — हो. तू बरोबर ऐकलंस. कान चांगले आहेत तुझे.

आता अर्ध्यात काय सोडू. ऐक. त्र्याऐंशी साल असेल. केझियाचा नवरा जोनीला गेलेला, पहिलं वर्ष पत्रं आली, मग नाहीत. कोट पण आला नाही. ती म्हणाली, मी जाऊन बघून येते. मांडीवर दोन वर्षांची पोर. म्हणाली, ताई, कापणीपर्यंत सांभाळ. माझ्या लग्नाला सहा वर्षं झालेली, पाळणा हलला नव्हता, आता हलेल असं कोणी म्हणायचंही थांबलं होतं. तिने पोर माझ्या पाठीवर दिली, मी चितेंजेची गाठ छातीवर मारली, आणि ती ट्रकच्या मागे चढली. वेझीने हात पण केला नाही, ती माझ्या पाठीवर झोपलेली. कापणी आली. दुसरी आली. पोर मला आई म्हणायला लागली. मी शिकवलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं शिकवलं. पण दुरुस्तही केलं नाही. बाप तोवर गेला होता, गावात विचारणारं कोणी नव्हतं, आणि माझा नवरा — तो चिकंगावाच्या जंगलात कामाला, सुट्टीला घरी यायचा तेव्हा तीच पोर त्याच्या खांद्यावर. तो म्हणायचा, केझिया येईल तेव्हा बघू. भला माणूस होता माझा कुमवेंडा. तो म्हणायचा, ती येईल तेव्हा बघू, आणि मी मनात म्हणायची, न येवो.

आली नाही. पत्र आलं. पाच वर्षांनी. तिकडून एक बाई गावी आली होती, तिच्या हाती पत्र आणि एक पिवळा फ्रॉक. नवरा काही सापडला नव्हता, पण हिला एका घरी स्वयंपाकाचं काम मिळालं होतं, खोली मिळाली होती, लिहिलं होतं, ताई, वेझीला या बाईबरोबर पाठव. फ्रॉक दोन वर्षांच्या पोरीच्या मापाचा. तिच्या डोळ्यांपुढे पोर तेवढीच होती गं, वाढलीच नव्हती. मी तो वेझीच्या अंगाला लावून बघितला, खांद्यालाच अडला. आणि त्या बाईला काय सांगितलं — पोरीला ताप आहे. ती चार दिवस थांबली भावाकडे. पाचव्या दिवशी परत आली तेव्हा घराला कडी. मी वेझीला घेऊन जंगलात नवऱ्याकडे गेलेली. आणखी एक पत्र आलं. ते मी उघडलं नाही, चुलीत घातलं. मग आम्ही इथे म्झुझूला राहायला आलो, आणि गावात, मिशनमध्ये, कोणाला पत्ता ठेवला नाही. आता सांग, मचोना ती झाली का मी केली? चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना व्हायची, हरवलेल्यांसाठी जी होते ती, आणि मी डोळे मिटून बसायची. सगळ्यांसारखीच.

— नको, पाणी नको. तू बस.

दोन वर्षांपूर्वी आली ती. जूनमध्ये, आपल्याकडची ही अशीच थंडी. मी दारात उसिपा वाळत घालत होते, मासळी पसरून वर जाळी टाकत होते, तर फाटकात एक बाई, दोन पिशव्या, अंगावर पुरुषाचा कोट. खरंच सांगते, कोट. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, ताई, अजून तुझी मासळी अर्धी कावळेच खातात का. आवाज तोच होता फक्त, बाकी काही उरलं नव्हतं तिचं. छातीचं दुखणं. चर्चाचर्चांतून विचारत विचारत आली होती. मी पाणी दिलं, अंथरूण केलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, ती काही विचारेना. मी आपली तिला जेवायला घालतेय, पाय चेपतेय, आणि वाट बघतेय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, पोर कुठे आहे? मी म्हटलं, स्कॉटलंडला. नर्स झाली. दोन मुलं आहेत. तिने चितेंजेचं टोक तोंडावर धरलं. मग म्हणाली, ठाऊक आहे तिला? मी म्हटलं, नाही. त्यावर ती काही बोलली असती ना, शिव्या दिल्या असत्या, ताट फेकलं असतं, तर बरं होतं. म्हणाली, नर्स. चांगलं केलंस शिकवलीस ते. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

जरा बरी झाली तशी मीच तिला इथे आणलं. का आणलं? कोणी दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच दाखवावं म्हणून. या इथेच बसवलं, तू बसलीयस तिथे. कानाला लावून दिलं, बटण दाबलं. मी तिच्या तोंडाकडे बघतेय. पहिल्या ओळीला तिने डोळे मिटले. मग हसली, आणि मोठ्याने, कान झाकलेले ना, सगळ्या दालनाला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, म्हातारे, तुझं मुसळ तेव्हाही उशिराच पडायचं. तीन वेळा ऐकलं तिने. उठून पाटीपाशी गेली, अक्षरांवरून बोट फिरवून वाचलं — रोडा. म्हांगो. मी म्हटलं, केझिया, मी सांगते इथल्या माणसांना. ती म्हणाली, राहू दे. तू वर्षभर उभी होतीस. — म्हणजे तिने तो हिशेब धरला होता बघ. एक वर्ष उभं राहण्याच्या बदल्यात गाणं. पण दुसरं जे घेतलं होतं त्याचं काय? त्याच्या बदल्यात मी कुठे उभी राहिले होते?

आणि मग तो रविवार. फोन वाजला. मी बोलले, पाऊसपाणी, औषधं, सगळं. वेझीने विचारलं, आई, मागे कोण खोकतंय? मी म्हटलं, तुझी मावशी आलीय, जोनीहून. वेझीला आनंद झाला, तिला वाटायचं आपल्याला कोणी नात्याचं नाहीच. म्हणाली, दे मला, मावशीशी बोलू दे. मी फोन दिला. केझियाने तो दोन्ही हातांनी धरला, असा, ओंजळीत पाणी धरतात तसा. आणि वेझी तिकडून, मी ऐकतेय सगळं, मोठ्या आवाजावर होता — मावशी, तुम्हालाही येतं का गाणं, आईसारखं? मला वाटलं, आता. आता सांगेल ती. तिचा हक्क होता. ती म्हणाली, नाही बाळा. आमच्या दोघींत गाणारी तुझी आई. — ऐकलंस ना काय म्हणाली? आमच्या दोघींत गाणारी तुझी आई. एक अक्षर खोटं बोलली नाही, आणि सांगितलंही नाही. मग तिने विचारलं, जेवतेस का वेळेवर. पायात गरम घालतेस का. आणि फोन माझ्याकडे दिला आणि मागल्या दारी जाऊन बसली. मी गेले नाही तिच्यामागे. मला धीर झाला नाही.

ऑक्टोबरात गेली. चारच महिने राहिली. वेझीने फुलांचे पैसे पाठवले, मावशीसाठी म्हणून, चिठ्ठीत लिहिलं, एवढ्या थोड्या दिवसांची ओळख. ती चिठ्ठी पाद्रींनी कबरीवर वाचली.

आता डिसेंबरात वेझी येतेय, पोरांना घेऊन. म्हणते, मुलांना तुझं नाव दाखवायचंय, नावाखाली उभं करून फोटो काढायचाय. ते ऐकलं आणि मला झोप लागेना. म्हटलं, ती पोरं तिच्या रक्ताची, तिचा आवाज कानात घेऊन माझ्या नावाखाली उभी राहणार? दुसरं काही नाही, तर निदान भिंतीवर तरी तिचं नाव असू दे. म्हणून मंगळवारी मागच्या खोलीत लुहांगाबाईंकडे गेले. वयाने पोरगीच आहे, पण ऐकून घेतलं तिने, रागावली नाही. म्हणाली, आजी, बरं झालं सांगितलंत, नवी पाटी करू, खाली तुमचंही नाव घालू, मुसळावर मोठी बहीण असं. आणि कागद काढला. नाव — केझिया म्हांगो. गाव — हेवे. जन्म — म्हटलं, छप्पन, साधारण. गेली कधी — सांगितलं. सगळं धड सांगितलं, एकेक अक्षर बघून घेतलं. इतकं हलकं वाटत होतं, तुला सांगते, जसं डोक्यावरचं ओझं कोणीतरी धरून उतरवतंय. मग तिने मान वर न करताच विचारलं, मुलंबाळं?

मी म्हटलं, नाही. कोणी नाही.

तिने लिहिलं.

इतकं सहज आलं ते तोंडातून. हाक मारल्यावर ओ येते तसं. घरी पोचले तेव्हा कळलं काय बोलले. आणि तरी म्हटलं, जाऊ दे, पाटीवर तेवढं थोडंच लिहिणारेत, नाव तर खरं लागतंय ना. डिसेंबरात वेझी येईल, पोरांच्या कानाला लावून देईल, पाटी वाचेल. केझिया म्हांगो. म्हणेल, अरे, ही तर मावशी. मला विचारेल, मी सांगेन, हो, आवाज तिचाच. मग ती पोरांना म्हणेल, आपण चुकत होतो रे, ही काही आपली आजी नव्हे, आजीची —

...

नाही. थांब.

तेवढं एक खरं होतं तेही जातंय, हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं. मंगळवारी नव्हतं आलं, आत्तापर्यंत नव्हतं.

— हो, ठाऊक आहे, लुहांगाबाई आत आहेत. चारपर्यंत असतात. खोली कुठे आहे तेही ठाऊक आहे मला, तुम्ही नका सांगू. मी तुम्हाला विचारलं नाही, बाई. तुम्ही कोण, कुठल्या, दोनदा गाणं ऐकलंत म्हणजे काय झालं. पलीकडच्या दालनात मातीची भांडी आहेत, जुनी, चांगली आहेत, ती बघा जाऊन. नाही, माझ्याबरोबर नका येऊ. हात नका धरू. जा म्हणते ना — जा तुम्ही, मला बसू द्या.